वाचून दाखविल्याचा शिक्का

आजच्या या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या विभागीय विधी सहाय्य कक्षाचे सन्माननीय सचिव साहेब. प्रमुख पाहुणे म्हणून लाभलेले, ज्यांच्या काळ्या कोटाला मी शिपाई असताना ब्रश मारलेला आहे ते ज्येष्ठ विधिज्ञ आदरणीय आप्पासाहेब. माझ्यावर एवढ्या गोड शब्दांची उधळण करून आत्ताच खाली बसलेले माझे सहकारी वैजनाथराव. सूत्रसंचालन करणाऱ्या आरतीताई. हिमायतनगरपासून शिरूर अनंतपाळपर्यंत दोन्ही जिल्ह्यांतून सकाळच्या एसट्या धरून आलेले माझे सगळे विधी स्वयंसेवक बंधू-भगिनी. दुसऱ्या रांगेत आपलं रजिस्टर मांडीवर घेऊन बसलेले नोटरी गुंडप्पा वकील, ते रजिस्टर कशाला आणायला लावलंय हे फक्त मला माहीत आहे. आणि माझी सौभाग्यवती, जिला एवढ्या वर्षांत आज पहिल्यांदा मी ऑफिस दाखवलं. आपणा सर्वांना रामलिंग होनराव याचा नमस्कार.

आज एकतीस मे. आपल्या मराठवाड्यात आज निम्मं सरकार रिटायर होतं. शाळेत नाव घालताना गुरुजींनी आपल्या सगळ्यांची जन्मतारीख एक जून लिहिली, त्यामुळे हार-तुऱ्यांच्या दुकानात आज सकाळी मला माझ्याच वयाचे अकरा जण भेटले. ही शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. ही चौकटीतली सन्मानपट्टिका मिळाली. आरतीताईंनी ती वाचून दाखवली: ‘लोकअदालतीत सर्वाधिक प्रकरणे निकाली काढण्यात मोलाचे योगदान.’ वाचून दाखवली हे बरं केलंत. आपल्या ऑफिसात वाचून दाखवायची सवय अलीकडे राहिलेली नाही.

वैजनाथराव म्हणाले की होनराव साहेबांचे कान तिखट आहेत. हे खरं आहे, आणि मी ते कमावलेले आहेत. माझी नोकरी कोर्टात पुकारा करणारा शिपाई म्हणून लागली. आत न्यायाधीश नाव सांगायचे, मी व्हरांड्यात येऊन ओरडायचो. अमुक अमुक, हाजिर... तीन वेळा. निजाम गेला, पण आपल्याकडच्या व्हरांड्यातून हाजिर काही गेलं नाही. माणूस तिसऱ्या पुकाऱ्याला नाही आला तर त्याचं प्रकरण काढून टाकलं जायचं. म्हणून मी ओरडून झालं की कान द्यायचो. लांब पिंपळाखाली कोणी ‘आलो, आलो’ म्हणतंय का, कुणाची चप्पल वाजतीय का. चपलेच्या आवाजावरून मी तीन-चार प्रकरणं वाचवलेली आहेत, आप्पासाहेब साक्षीला आहेत. मग टायपिंग केलं, बारावी केली, पदवी बाहेरून केली, खात्याची परीक्षा दिली. हळूहळू वर आलो. कुणाची चिठ्ठी नव्हती. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, पुढं लागणार आहे म्हणून सांगतो.

कान दिले ते आईनं. विठाबाई तिचं नाव. हिमायतनगर तालुक्यातलं आमचं गाव. आईला अक्षर येत नव्हतं. तलाठी, सोसायटी, कुठलाही कागद आला की ती अंगठा शाईत दाबायची आणि हात असा वर धरायची. म्हणायची, “आधी वाच. मंग उमटीते.” एकदा तलाठी चिडला, “बाई, शाई सुकून राहिली.” आई म्हणाली, “सुकू दे. तुझ्याजवळ लई हाय.” सगळं ऑफिस थांबायचं आणि आईचा अंगठा हवेत. शेवटी वाचावंच लागायचं. आज ती असती तर मागच्या रांगेत बसली असती, आणि मला बोलायला जड गेलं असतं. तसं ते आत्ताही जातंय.

पाहुण्यांसाठी सांगतो, विधी स्वयंसेवक म्हणजे वकील नव्हेत. गावातली शिकलेली बाई, पेपर वाचणारा पोरगा, निवृत्त गुरुजी. ज्याला कोर्टाची भीती वाटते त्याच्याजवळ बसायचं, त्याचं ऐकून घ्यायचं, अर्ज लिहायचा. आणि ज्याला वाचता येत नाही त्याला लिहिलेलं सगळं वाचून दाखवायचं, मग खाली हातानं लिहायचं, ‘मजकूर अर्जदारास वाचून दाखविला, त्याने समजून मान्य केला.’ ही ओळ नसेल तर अंगठ्याला काही किंमत नाही. अशा अठ्ठेचाळीस लोकांवर मी नऊ वर्षं पर्यवेक्षक होतो. त्यांच्या हजेऱ्या, त्यांचे अहवाल, त्यांची दर वर्षीची यादी. कोण राहणार, कोण वगळायचं, त्यावर शेरा माझा.

त्यात एक वैजनाथराव. दिवसाला चाळीस अर्ज. हात असा की पेन उचललेलं दिसायचं नाही.

आणि एक पंचशीला सोनकांबळे. औशाकडच्या. दिवसाला सात अर्ज, फार तर आठ. कारण काय, तर ही बाई कागद वाचून झाल्यावर त्याची घडी घालायची, पदराखाली ठेवायची आणि समोरच्या म्हातारीला म्हणायची, “आता तुमी सांगा मला, काय लिवलंय त्याच्यात?” म्हातारी सांगायची. चुकली की परत घडी उघडायची. एकदा मी म्हणालो, “ताई, बाहेर रांग पार गेटला गेली. तुम्ही काय परीक्षा घ्यायलाव का?” ती म्हणाली, “परीक्षा तेंची न्हाई सर, माझी हाय. मी लिवलेलं तेंचंच हाय का बघायलेव.”

मी तिला मेमो दिला. काम संथ.

त्याच महिन्यात मला एक युक्ती सुचली, जिचं वैजनाथरावांनी आज एवढं कौतुक केलं, आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, ती एकच ओळ प्रत्येकानं दिवसभर हातानं का लिहावी? स्टेशन रोडवरच्या दुकानातून सहा रबरी शिक्के करून आणले. ‘मजकूर वाचून दाखविला, समजला व मान्य.’ खाली टिंबं, सहीसाठी. टेबलागणिक एक. साहेब खूश झाले. वरून पत्र आलं की असा शिक्का इतरांनीही करावा. हाताने ती ओळ लिहायला अर्धं मिनिट लागायचं. त्या अर्ध्या मिनिटात माणसाला निदान लाज तरी वाटायची, की मी वाचलेलं नाही आणि लिहितोय की वाचलं. शिक्क्यानं तीही सोय काढून घेतली. हे तेव्हा नाही कळलं. म्हणजे, कळलं असावं. माणसाला सगळं कळत असतं.

आता डिसेंबरातल्या लोकअदालतीचं सांगतो. सन्मानपट्टिकेत तिचाच उल्लेख आहे, म्हणून विषयाला सोडून बोलतोय असं समजू नये.

औशाची एक बाई, बानो. सगळे बानोखाला म्हणतात. नवरा गाद्या भरायचा, तो गेला. घर सासऱ्याचं, त्यातली एक खोली हिची, बाकी दिराच्या ताब्यात. दिरानं मधल्या दाराला कुलूप घातलं आणि नळ त्या दाराच्या पलीकडं. बाई दोन वर्षं शेजाऱ्यांकडून पाणी आणायची. तिचा अर्ज पंचशीलाताईंनी लिहिला होता, घडी घालून, परत वदवून घेऊन. मागणी एकच होती, मधलं दार उघडा. बोलणीही झाली होती. दिरानं दार उघडायचं, हिनं केस काढून घ्यायची. मिटत आलेलं प्रकरण.

त्या दिवशी आमच्यापुढं निकाली काढायच्या प्रकरणांचा आकडा होता. सकाळी अकरालाच मी पाहिलं, पंचशीलाताईंच्या टेबलाशी रांग तुंबलीय. टेबल नंबर चार. मी त्यांना उठवलं. म्हणालो, “ताई, तुम्ही दारावर टोकन द्या, इथं वैजनाथराव बसतील.” त्या म्हणाल्या, “सर, बानोखालाचं तेवढं होऊ द्या.” मी म्हणालो, “वैजनाथरावांना येतं ते.” त्या गेल्या. मागं वळून बघितलं नाही. मला ते बरं वाटलं.

माझी खुर्ची टेबल चारच्या पाठीला पाठ करून. मध्ये दोन हात जागा.

बानोखालानं विचारलं, “वो पंचशीलाबाई कुठं गेल्या?”

वैजनाथराव म्हणाले, “दारावर हायत. मी हाय ना खाला, घरचाच समजा.”

“दरवाजे का लिखे ना?”

“सगळं लिवलंय.”

मग शाईच्या डबीचं झाकण वाजलं. मग काही नाही. कागद दोन पानांचा, दिराकडच्यांनी बाहेरून टाइप करून आणलेला. वाचायला सावकाश चार मिनिटं लागतात, मी नंतर घड्याळ लावून वाचून बघितलाय. त्या वेळी मी कान देऊन बसलो होतो. सवयीनं. पुकारा केल्यावर देतो तसा. पलीकडून वाचायचा आवाज आला नाही. मी वळून पाहिलं. बानोखालाचा अंगठा हवेत होता.

असा. आईसारखा.

ती आमच्याकडं बघत होती, एकेकाच्या तोंडाकडं. वैजनाथरावांनी तिचा हात अगदी अदबीनं धरला आणि कागदावर टेकवला. मग शिक्का. ठक. मी परत वळलो आणि माझ्या यादीत एक खूण केली.

वैजनाथराव, मान खाली घालू नका. तुमचा हात मीच तिथं नेऊन ठेवला होता. तुम्ही फक्त चाळीसला चाळीस करत होतात.

जाताना ती माझ्या टेबलाशी थांबली. ओढणीला अंगठा पुसत होती. “साब, अब दरवाजा खुलेगा नं?”

मी म्हणालो, “खुलेगा, खाला.”

कागद पॅनेलपुढं पाठवायला माझ्या हातात आला होता. खाली नजर टाकली असती तरी दिसलं असतं. त्यात दाराचा शब्दही नव्हता. त्यात होतं की बानो हिने घरातला आपला हक्क स्वखुशीने सोडला असून सहा महिन्यांत खोलीचा रिकामा ताबा दिराला द्यावा. पॅनेलनं शिक्का पाहिला, सह्या केल्या. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं. आम्ही हे भाषणात फार अभिमानानं सांगतो.

तीन आठवड्यांनी ती नक्कल घेऊन आली. पंचशीलाताईंनी तिला व्हरांड्यात बसवून वाचून दाखवली. माझी खिडकी उघडी होती. वाचून झालं. घडी घातल्याचा आवाज आला. मग पंचशीलाताई म्हणाल्या, “आता तुमी सांगा, खाला.”

मग त्या आत आल्या. “सर, हे तिला वाचून दाखवलं होतं का?”

मी म्हणालो, “शिक्का आहे ना.”

“शिक्का हाय. मी वाचल्याचं इचारायलेव. तुमी पाठीमागंच होतात.”

मी म्हणालो, “काय असेल ते लेखी द्या.” सरकारी माणसाला माणूस टाळायचा असला की तो लेखी मागतो. त्यांनी लेखी दिलं. त्यावर मी शेरा लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात. ‘अभिलेखावरून मजकूर वाचून दाखविल्याचे दिसून येते. तक्रारीत तथ्य नाही.’ आणि नव्या यादीत पंचशीलाताईंच्या नावापुढं लिहिलं, ‘काम संथ, वर्तन वादग्रस्त, वगळावे.’ सात वर्षं काम केलेली बाई पाच शब्दांत वगळली. साहेब, तेव्हा तुम्ही मला म्हणाला होतात, होनराव, शिक्का आहे म्हणजे विषय संपला. मी तुम्हाला दोष देत नाही. तुम्ही टेबल चारवर नव्हतात. मी होतो.

अध्यक्ष महोदय, आरतीताई चिठ्ठी पाठवतायत, वेळेची. मिळाली. थोडंच राहिलंय. पुकारा करणाऱ्याला एकदा तरी मध्येच थांबवू नये.

अपील नसलं तरी फसवून घेतलेला निवाडा रद्द करा म्हणून बानोखालासाठी हायकोर्टाच्या खंडपीठात अर्ज झालाय. वकील फी न घेता करतोय. तो म्हणाला, फसवणूक झाली हे दाखवायला तिथं हजर असलेला, न वाचल्याचं सांगणारा कोणीतरी पाहिजे. पंचशीलाताई दारावर होत्या, त्यांना काय दिसणार? वैजनाथराव म्हणतात, वाचलं. राहिलो मी.

मार्चमध्ये पंचशीलाताई माझ्या घरी आल्या. चहा घेतला नाही. म्हणाल्या, “सर, तुमचे कान अख्ख्या जिल्ह्याला ठावं हायत. तुमी एवढंच लिवून द्या, की ऐकू आलं न्हाई.”

मी म्हणालो, “ताई, रिटायर होऊ द्या.”

त्या म्हणाल्या, “खालाला चौदा जूनला खोली सोडायची हाय.”

“मे अखेर सुटतो मी.”

“म्हंजे पंधरा दिवस राहत्यात,” असं म्हणून त्या उठल्या. माझी बायको आतून ऐकत होती. तीही तिखट कानाची. त्या दिवसापासून ती मला वाढते, पण बोलत नाही. आज आली ती मी सांगितलं म्हणून.

मी का थांबलो? उगाच मोठेपणा घेत नाही. पेन्शनचे कागद अडतील म्हणून थांबलो. चौकशी लागेल, गावाकडचे म्हणतील एवढा वर चढलेला माणूस शेवटच्या महिन्यात घसरला. परवा पेन्शनचा आदेश हातात पडला. काल मी मजकूर लिहिला. म्हणजे माझा विवेक कोणत्या टेबलावरून मंजूर होऊन आला ते तुमच्या लक्षात आलं असेल. एवढं मात्र ठरवलं, की सही रिटायर झाल्यावर करायची नाही. घड्याळात पाच वाजलेत. सव्वासहापर्यंत मी या ऑफिसचा पर्यवेक्षक आहे. जो शिक्का नोकरीत असताना बनवला, त्याच्याविरुद्ध नोकरीत असतानाच सही व्हावी. मला जेवढं जमतं ते एवढंच. या मे महिन्यात एवढंच जमलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सुट्टी संपून खंडपीठ उघडतं. कागद आज संध्याकाळच्या गाडीनं जायला पाहिजे. म्हणून गुंडप्पा वकिलांना रजिस्टर घेऊन बोलावलं. त्यांना वाटलं घराचं काहीतरी असेल. वकीलसाहेब, तसं ते घराचंच आहे.

प्रतिज्ञापत्र माझ्या खिशात आहे. एक पान आणि वर चार ओळी. त्यात साहेबांचं नाव नाही, वैजनाथरावांबद्दल एकही वाकडा शब्द नाही. मी कुठं बसलो होतो, काय ऐकलं, काय ऐकू आलं नाही, अंगठा किती वेळ हवेत होता आणि तक्रारीवरचा माझा शेरा खोटा होता, एवढंच आहे. खाली मी शिक्का मारणार नाही. ती ओळ हातानं लिहीन.

आता समारोपाचं. या सत्काराबद्दल मी सर्वांचा आभारी आहे. शाल माझी बायको नेईल, नेली तर. श्रीफळ ड्रायव्हर काकांना द्या, ते रोज देवळात जातात. सन्मानपट्टिका मात्र इथंच टेबलावर ठेवून जातो; तिचं काय करायचं ते निवाड्यानंतर बघू. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल, वेळ खाल्ला असेल, मोठ्यांचा मान राहिला नसेल, तर पदरात घ्या. फक्त टेबल चारचं पदरात घेऊ नका. ते माफ करायचा अधिकार या सभागृहात कुणाला नाही, आणि ज्या बाईला आहे तिला मी आज बोलावलेलं नाही. तिला बोलावून माफी मागितली असती तर तुम्ही पुन्हा टाळ्या वाजवल्या असत्या. तिला टाळ्यांचं काय करायचं, तिला नळ पाहिजे.

बोलावलंय ते दुसऱ्या बाईला. यादीतून काढलेल्या माणसाला आत सोडायचं नाही म्हणून शिपायानं त्यांना दारातच थांबवलंय, हे मला इथून ऐकू आलं. सोडा त्यांना. मी सांगतोय, अजून एक तास माझं ऐकावं लागेल तुम्हाला.

पंचशीला सोनकांबळे, हाजिर...

या ताई. माइकपाशी या. हा कागद घ्या. मी लिहिलेला आहे, तरी मला वाचून दाखवा. सावकाश, मागच्या रांगेला ऐकू जाईल असं. मग घडी घालून पदराखाली ठेवा आणि मला विचारा काय लिहिलंय. कुठं चुकलो तर परत उघडा. गुंडप्पा वकील, तोवर थांबा.

पेनाचं टोपण काढलंय मी. हात वर धरून उभा आहे. आधी वाचा.